बुधवारी ऊसरावर

कौमुदी खानझोडे लखनौला आली ती नवऱ्याच्या नोकरीमागे. पुढे नवऱ्याची बदली झाली, तीही थेट नागपूरला, आपल्या माणसांत, आणि तेव्हा मात्र ती त्याच्याबरोबर गेली नाही. सरोजिनी नगरातल्या शेजारणींना तिच्याविषयी एवढंच ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी केलेले सगळे तर्क चुकीचे होते. भांडण झालेलं नव्हतं, मधे दुसरं कुणी नव्हतं, सासूचा जाचही नव्हता. मधे होता तो एक अभ्यासक्रम. पण हे सांगून कुणाला पटलं नसतं, म्हणून कुणी विचारलं की ती "नौकरी है ना" म्हणून मोकळी व्हायची.

ती परतवाड्याची. माहेरच्या गच्चीवरून मेळघाटचे डोंगर दिसायचे, आणि वनस्पतिशास्त्र घ्यायचं हे तिने बहुधा त्या गच्चीवरच ठरवलं असावं. नागपूरला एम.एस्सी., तिथेच पीएच.डी., मग भास्करशी लग्न. भास्कर अमौसी विमानतळावर संचार विभागात होता. दिवसभर कानाला हेडफोन लावून वैमानिकांशी बोलायचं हे त्याचं काम, त्यामुळे घरी आल्यावर त्याच्यात बोलण्याचं त्राण उरत नसे. कौमुदीला कानपूर रोडवरच्या एका डिग्री कॉलेजात नोकरी मिळाली. मैत्रेयीचा जन्म लखनौचाच. आईबाप मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि तिघांनाही त्यात वावगं वाटेनासं झालं होतं. दर वर्षी भास्कर नागपूरला बदली मागायचा, दर वर्षी ती नाकारली जायची. घरात नवीन पडदे घ्यायचे म्हटलं तरी दोघं म्हणत, राहू दे, आता किती दिवस राहायचंय इथे. अशी चौदा वर्षं गेली.

१९९३ च्या पावसाळ्यानंतर प्राचार्य त्रिवेदींनी तिला बोलावून घेतलं. विद्यापीठाला पर्यावरणाचा नवा विषय सुरू करायचा होता: पदवीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे इकॉलॉजीत काम करू पाहणाऱ्या मुलांसाठी. कॉलेजांकडून मसुदे मागवले होते.

"मैडम, आप ही लिख दीजिए," त्रिवेदी म्हणाले. "बॉटनीवाली हैं. हरियाली का मामला है."

तिने आधी तो सगळे लिहितात तसाच लिहायला घेतला. चार विद्यापीठांची अभ्यासक्रमाची पुस्तकं समोर ठेवली, यातला एक घटक, त्यातला एक घटक. व्याख्या, प्रकार, आकृत्या. पहिलं वर्ष भरलं, दुसरं भरलं. काम सोपं होतं आणि तिचं त्यात मन नव्हतं.

नोव्हेंबरात शेवटच्या वर्षाच्या मुलांची सहल नवाबगंजच्या तलावावर निघाली. बंथरा गाव ओलांडल्यावर बस पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक काढायला बसला, मुलं खाली उतरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसर पसरलेलं होतं. ऊसर म्हणजे खारवलेली जमीन. वर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर, त्याला तिकडे रेह म्हणतात. मधूनच राठ गवताचा एखादा झुबका, आणि लांबवर बाभळी. कौमुदीच्या शेजारी सुरुची श्रीवास्तव उभी होती. इकॉलॉजीच्या पेपरात कॉलेजातून पहिली आलेली मुलगी, टुंड्रा प्रदेशातल्या वनस्पतींवर तिने चार पानं लिहिली होती.

"सुरुची, यहाँ कुछ उगता क्यों नहीं?" कौमुदीने सहज विचारलं.

सुरुचीने जमिनीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मैडम, ये तो सिलेबस में नहीं है."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. खरं होतं तेच तिने सांगितलं. कौमुदी हसणार होती, पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की उत्तर आपल्यालाही धड येत नाही. सोडियम, निचरा होत नाही, अशी दोन वाक्यं बोलता आली असती, त्यापुढे काय? चौदा वर्षं ती याच रस्त्याने कॉलेजला जात-येत होती. घर आणि कॉलेज यांच्या मधे जे काही पांढरं पांढरं दिसतं, ते आपल्या कामाचं नाही, असंच तिने धरलं होतं. तिचं झाड साग, तिची जमीन काळी. इथे ती पाहुणी होती, आणि पाहुण्याने घरातल्या भिंती निरखू नयेत तसं तिने या मुलखाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

सहलीहून आल्यावर तिने लिहिलेला मसुदा बाजूला ठेवला आणि नव्याने सुरुवात केली.

कॉलेजच्या मागे ऊसराचा मोठा पट्टा होता. कुणाला नको म्हणून तो तसाच पडून होता. हिवाळ्यात ती सकाळी लवकर निघून वर्ग भरायच्या आधी तिथे जायला लागली. शाल गुंडाळून, धुक्यात एकटीच. आधी तिला काहीच दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. पांढरा थर सगळीकडे सारखा नव्हता. राठ गवताच्या बुडाशी माती जराशी भुसभुशीत होती. मुंग्यांची वारुळं ठरावीक जागीच होती. एका हातभर उंचवट्यावर जे उगवत होतं, ते खालच्या बाजूला अजिबात नव्हतं. वाटलं, हे जर मला पंचेचाळिसाव्या वर्षी दिसतंय, तर अठराव्या वर्षी का दिसू नये?

तिथून तिचा अभ्यासक्रम निघाला. प्रवेश घेतला की प्रत्येक मुलाला ऊसराचा एक तुकडा मिळणार, एक खाट मावेल एवढा, आणि तीन वर्षं तो त्याचाच. आठवड्यातला एक दिवस, बुधवार, पूर्ण बाहेर. पहिल्या वर्षी फक्त बघायचं, काढायचं, मोजायचं, आणि गावातले लोक कशाला काय म्हणतात ते शिकायचं. व्याख्या दुसऱ्या वर्षी. रसायनशास्त्र त्याच मातीचं, प्राणिशास्त्र त्याच मुंग्यांचं. तिसऱ्या वर्षी मुलाने आपल्या तुकड्याला स्वतःचा एक प्रश्न विचारायचा, आणि शेवटची परीक्षा तिथेच, त्या जमिनीवर उभं राहून द्यायची.

अडलं ते गणितावर. जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला, आणि गणित विभागाला ही मुलं नको होती. शेवटी ती रिझवीसाहेबांकडे गेली. इश्तियाक रिझवी विभागातले सर्वांत जुने, निवृत्तीला आलेले. शेरवानीच्या खिशात कायम खडूचे तुकडे.

"ये मेंढक काटनेवाले बच्चे हैं, मोहतरमा. इनको गणित किसलिए?"

"सर, सारस कम हो रहे हैं, ये तो कोई भी कह देगा. कितने कम, कब तक, ये बिना गणित के कैसे बताएँगे?"

त्यांनी तिचे कागद ठेवून घेतले. पुढच्या आठवड्यात परत दिले तेव्हा गणिताचा निम्मा भाग तांबड्या पेन्सिलीने खोडलेला होता.

"आपने डर के मारे सब कुछ रख दिया था," ते म्हणाले. "इतना काफ़ी है. पढ़ाऊँगा मैं. लेकिन बुध को मैं भी साथ चलूँगा. उम्र भर आबादी के समीकरण पढ़ाए हैं, आबादी कभी देखी नहीं."

१९९४ च्या एप्रिलात विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्डाची बैठक झाली. लांब टेबल, समोसे, पंखे. बुधवारावर सगळे तुटून पडले. मुलींना बाहेर कोण नेणार? बाहेरचा परीक्षक उन्हात उभा राहील का? एक प्राध्यापक म्हणाले की अभ्यासक्रम म्हणजे देशात कुठेही शिकवता येईल असा हवा, हा तर कानपूर रोडवरच चालेल. कौमुदी म्हणाली, दुसरीकडे दुसरी जमीन असेल, तिथे ती घ्या. तास-दीड तास ती बोलत होती. इतकी वर्षं या शहरात आपण इतकं सलग कधी बोललोच नव्हतो, असं तिला बोलता बोलताच जाणवलं. शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. अभ्यासक्रम मंजूर, पण प्रयोग म्हणून, एकाच कॉलेजात; दोन तुकड्या बघू, मग ठरवू. आणि जिने लिहिला तिनेच तो चालवायचा.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भास्कर पेढे घेऊन घरी आला.

"झाली बदली," तो दारातूनच म्हणाला. "नागपूर, सोनेगाव विमानतळ. जूनमध्ये रुजू व्हायचं."

मैत्रेयीने पेढा उचलला. "मगर बाबा, मेरी सारी फ्रेंड्स तो यहाँ हैं ना!"

"तिथे मिळतील. आजी आहे, आत्या आहे. कौमुदी, घे ना."

कौमुदीने पेढा हातात घेतला. या पेढ्याची तिने चौदा वर्षं वाट पाहिली होती. "माझा कोर्स पास झाला," ती म्हणाली.

"कोणता को—हां, तो. अरे वा!" भास्करला मनापासून आनंद झाला. "मग आता दुसरं कुणी चालवेल तो."

"दुसरं कुणी नाही चालवणार."

तो खुर्चीत बसला. मैत्रेयी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"एक वर्ष लागेल?" त्याने विचारलं.

"तीन. दुसरी तुकडी धरली तर चार."

भास्कर आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. त्याने बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडल्या. "मी तुला चल म्हणणार नाही," तो म्हणाला, "थांब असंही म्हणणार नाही. मला मात्र जायलाच हवं. आई आता एकटी राहण्यासारखी नाही."

"जा ना. मी कुठे नको म्हणते."

त्या रात्री आणि पुढे महिनाभर सामानाचीच बोलणी झाली. काय न्यायचं, काय ठेवायचं. मैत्रेयी नववीला नागपुरात जाणार हे कुणी ठरवलं असं नाही, ते आपोआप ठरत गेलं. तिथे आजी होती, घर होतं, दुपारी गरम जेवण होतं. जूनमध्ये चारबाग स्टेशनातून गाडी हलली तेव्हा मैत्रेयी रडली, कौमुदी नाही. घरी आल्यावर तिने कपाटं पुसून काढली आणि कुकरमध्ये सवयीने तिघांचा भात लावला.

पहिल्या वर्षी अकरा मुलं आली. त्यांतली बरीचशी दुसरीकडे प्रवेश न मिळालेली. दिवाळीपर्यंत पाच उरली. पहिल्या बुधवारी तिने तुकडे वाटले तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांवर जे आलं, त्याला निराशा म्हणणंही कमीच. रिझवीसाहेब छत्री घेऊन आले होते. लाकडी चौकट जमिनीवर टाकायची आणि आत काय काय आहे ते मोजायचं, हे त्यांना इतकं आवडलं की मुलांआधी तेच उकिडवे बसले. "शून्य भी लिखिए, मियाँ," ते एका मुलाला म्हणाले. "शून्य भी संख्या है."

ते बुधवार सोडले तर बाकीचे दिवस लांबच लांब होते. कॉलेजातून आल्यावर कुलूप काढायचं, दिवा लावायचा, एका माणसाचं रांधायचं. एका माणसाचं वरण कधी नीट होत नाही. शेजारच्या मिसेस निगम सुरुवातीला भाजी आणून द्यायच्या, पुढे त्यांनीही सोडलं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला ती एकदा गेली. सैन्यातल्या, हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या बायका, छान साड्या, छान मराठी. "मिस्टर कुठे असतात?" एकीने विचारलं. "नागपूरला." "आणि तुम्ही इथे? अय्या! उलटंच की." सगळ्या हसल्या, तीही हसली. त्यानंतर ती मंडळात गेली नाही.

रविवारी सकाळी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून ती नागपूरला फोन लावायची. रविवारी सकाळी भास्कर घरी असे. तो तब्येतीचं विचारायचा, गॅस आला का विचारायचा. मैत्रेयी सुरुवातीला हिंदीतच बोलायची. मग मधे मधे मराठी शब्द यायला लागले, आणि वर्षभरात ती अस्सल नागपुरी बोलू लागली. "आई, तू काय करून राहिली? जेवली का?" हे कानावर पडलं त्या दिवशी कौमुदीला एकदम आपल्या आईचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं. तिने उत्तर दिलं, "हां, खाना हो गया," आणि मग जीभ चावली. इथे दिवसचे दिवस तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नव्हता. कधी कधी ती ओट्याशी उभी राहून मोठ्याने म्हणायची, मीठ कुठे ठेवलं मी, फक्त ऐकण्यासाठी.

पाच मुलांत एक नसरीन होती, काकोरीकडची. तिच्या वाट्याला सगळ्यांत वाईट तुकडा आला होता. नुसती पांढरी जमीन. दर बुधवारी बाकीचे गवताची पाती मोजायचे, कीटक पकडायचे, आणि नसरीन रिकामी चौकट टाकून शून्य लिहायची. वर्ष संपता संपता ती एकदा रडली.

"मैडम, मुझे दूसरी ज़मीन दे दीजिए. मेरी में कुछ होता ही नहीं."

कौमुदीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. जमीन बदलून द्यावी असंही क्षणभर मनात आलं. पण ती म्हणाली, "ये भी देखना है, नसरीन. कब तक कुछ नहीं होता, ये भी तो किसी ने नहीं देखा." म्हणाली खरी, पण तिलाच खात्री नव्हती. एका अठरा वर्षांच्या मुलीची तीन वर्षं आपण मिठावर बसवून ठेवतोय का, हा विचार तिला पुढे कित्येक दिवस छळत राहिला. विचारायला घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात पावसाचं पाणी ऊसरावर नेहमीसारखं साचलं. दुधाळ, न मुरणारं. ते ओसरल्यावर बुधवारी सगळे गेले तेव्हा नसरीन आपल्या तुकड्यापाशी जाऊन थबकली. जमिनीवर एक काळपट हिरवी साय धरली होती. शेवाळ होतं ते. फार नव्हतं, तळहाताएवढे डाग, कडेला पापुद्रा उचललेला. नसरीनने मोठ्याने हाक मारली नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि भिंग लावून बघत राहिली. रिझवीसाहेबांनी चष्मा पुसला. कौमुदी शेजारी जाऊन बसली, आणि दोघी किती तरी वेळ तशाच बसून होत्या. हवेतलं नत्र धरून ठेवणारं ते शेवाळ. माती घडायला लागते ती अशी. पुस्तकातलं ते वाक्य कौमुदीने वर्षानुवर्षं शिकवलं होतं. होताना कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना तिला राहवेना. बुधवार असूनही ती बूथवर गेली आणि नागपूर लावलं. फोन मैत्रेयीने घेतला.

"आई? आज कसा काय फोन? कोणी गेलं का?"

"नाही गं, नाही. सगळं ठीक आहे. अगं, शेवाळ आलं."

"काय आलं?"

"शेवाळ. नसरीनच्या तुकड्यावर. वर्षभर काही नव्हतं तिथे, आणि आज..."

पलीकडे कुणाचा तरी रेडिओ वाजत होता. "अच्छा," मैत्रेयी समजुतीने म्हणाली, आजारी माणसाशी बोलावं तशी. "छान झालं, आई. बाबा ड्यूटीवर आहेत. त्यांना सांगते मी. तू बरी आहेस ना?"

"बरी आहे," कौमुदी म्हणाली.

घरी जाऊन तिने पाय धुतले. टाचांच्या भेगांत पांढरी रेह भरली होती, ती ब्रश घेऊन काढत बसली. आनंद झालेला होता, आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

मे महिन्यात ती नागपूरला गेली. घर तिच्याच सासूचं, नवरा तिचा, मुलगी तिची. पण साखर कुठे असते हे तिला विचारावं लागलं. मैत्रेयीने लगबगीने डबा काढून दिला. "तू बस ना, आई, मी करते." सासूबाईंनी तिच्यासाठी ताटाखाली पाट मांडला, पाहुण्यांसाठी काढतात तो. भास्करने तिला तलावापाशी फिरायला नेलं, कुल्फी खाऊ घातली. सगळे तिच्याशी फार चांगले वागले. तिला वाटलं, एखादी चूक काढली असती कुणी, तर बरं झालं असतं.

परत आली तर रिझवीसाहेब निघायच्या तयारीत. निवृत्त झाले होते, अलीगढला मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांच्या जागी विभागाने कुणाला द्यायचं नाकारलं. "आप पढ़ाइए," ते कौमुदीला म्हणाले.

"मैं? मुझे ख़ुद नहीं आता, सर."

"तो सीखिए. जून में बैठते हैं."

आणि खरंच तो अख्खा जून ते दोघं रोज सकाळी त्यांच्या अंगणात बसले. कौमुदी शाळकरी मुलीसारखी गणितं सोडवायची, चुकायची, ते तांबडी पेन्सिल फिरवायचे. आतून त्यांच्या बेगम सरबत पाठवायच्या. लखनौत आल्यापासून इतक्या सुखाचा महिना तिला आठवत नव्हता. जुलैत रिझवी गेले. तिने वर्गावर उभं राहून पहिलं समीकरण फळ्यावर लिहिलं, आणि ते सुटलं.

पहिली तुकडी १९९७ मध्ये बाहेर पडली. पाचांपैकी नसरीन एम.एस्सी.ला गेली, एक जण वनखात्याच्या परीक्षेला बसला, एकीचं लग्न झालं, दोघं बँकेच्या परीक्षांना लागले. विद्यापीठाने हिशेब केला आणि त्याला तो पुरेसा वाटला नाही. बोर्डावर आता दुसरी माणसं होती. त्यांनी विषय सगळ्या कॉलेजांत सुरू करायचं ठरवलं, पण वर्गातल्या वर्गात. नवा अभ्यासक्रम छापून आला तेव्हा कौमुदीने तो उभ्या उभ्या चाळला. तिची कितीतरी वाक्यं जशीच्या तशी होती. गणित नव्हतं. बुधवार नव्हता. 'क्षेत्रभेट: शक्य असल्यास' अशी एक ओळ होती. तिच्या कॉलेजात आधी प्रवेश घेतलेली दुसरी तुकडी तेवढी जुन्या पद्धतीने पूर्ण होणार होती, मग संपलं.

"बुरा मत मानिए, मैडम," त्रिवेदी म्हणाले. "आपकी मेहनत बेकार नहीं गई. टाइटल तो वही रखा है."

दुसऱ्या तुकडीत चार मुलं होती. त्यांची शेवटची परीक्षा १९९८ च्या एप्रिलात. बाहेरचे परीक्षक मध्य प्रदेशातून आले होते, साठीचे, गुडघ्याने अधू. ते स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसले आणि मुलांना इथेच बोलवा म्हणाले. कौमुदीने वाद घातला नाही. परीक्षा बाहेर होते असं तिने सांगितलं आणि दार उघडून ती उभी राहिली. ते कुरकुरत उठले, एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेले. पहिल्या मुलाला त्यांनी पुस्तकी प्रश्न विचारला. दुसऱ्याला विचारलं, हे गवत इथेच का थांबलंय? मुलगा सांगायला लागला. ते वाकून बघायला लागले. मग त्यांनी छत्री बाजूला ठेवली. ऊन चांगलं चढलं तरी ते एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जात होते, मुलांशी भांडत होते, एकदा तर चूक त्यांची निघाली तेव्हा खो खो हसले. कौमुदी लांब बाभळीखाली उभी होती. परीक्षेत शिक्षकाने बोलायचं नसतं.

स्टेशनला निघताना त्यांनी रिक्षातून मान बाहेर काढून विचारलं, "ये कोर्स बंद क्यों हो रहा है?"

"सर, आपकी गाड़ी छूट जाएगी," ती म्हणाली.

त्या रविवारी तिने नेहमीप्रमाणे नागपूर लावलं. फोन भास्करने घेतला. तिने परीक्षा झाली म्हणून सांगितलं, त्याने चांगलं झालं म्हटलं. मग तो थोडा घुटमळला.

"म्हणजे आता संपलं ना ते सगळं?"

"हो. संपलं."

"मग? इथल्या कॉलेजात जागा निघते आहे, ताईच्या ओळखीचे आहेत तिथे. विचारू का? येशील ना आता?"

काचेबाहेर कानपूर रोडवरून ट्रक जात होते. थांबायला काही कारण उरलेलं नव्हतं. बदली अडवणारं कुणी नव्हतं, मुलं नव्हती, बुधवार नव्हता. हो म्हणायला तिने तोंड उघडलं. तिला त्या घरातला पाट आठवला, साखरेचा डबा घेऊन धावणारी मैत्रेयी आठवली. तिथे तिघांचं बसलेलं सगळं तिच्यासाठी पुन्हा हलवावं लागेल. आणि इथे? इथे तर कुणीच नव्हतं. पण जमीन आता तिला ओळखीची झाली होती. आयुष्यात तिने स्वतः उलगडलेली तेवढी एकच जागा.

"बघते," ती म्हणाली.

मराठीत बघते म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं.

"बरं," भास्कर म्हणाला. "तब्येतीला जप. उन्हाची फिरू नकोस."

"नाही फिरत."

जुलैत कॉलेज उघडलं. वेळापत्रकात बुधवारी तिला सकाळी पहिल्या वर्षाची बॉटनी होती आणि दुपारी नव्या पर्यावरण विषयाचा तास, वर्ग खच्चून भरलेला, साठ-सत्तर मुलं. तिने हजेरी घेतली. सगळ्यांनी वह्या उघडून वर तारीख टाकली आणि मुलं व्याख्येची वाट बघत बसली. खिडकीतून पाहिलं तर मागच्या पट्ट्याला तारेचं कुंपण घालायचं काम चाललं होतं. तिथे वसतिगृह होणार होतं म्हणे. कौमुदीने खडू उचलला आणि फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं.